सतरा शिक्क्यांचं पत्र

ज्या माणसाच्या हातून आमच्या ऑफिसातलं सगळं टपाल साता समुद्रापार जायचं, त्या माणसाला स्वतःचा पत्ता नव्हता. म्हणजे राहायला घर होतं, दहिसरला नदीच्या अंगाला, दोन खोल्यांचं. पण कॉम्प्युटरवर आम्हा सगळ्यांचे पत्ते त्यांनी आपल्या हाताने उघडून दिले आणि स्वतःचा तेवढा उघडला नाही. विचारलं तर म्हणायचे, "माझ्या नावावर पत्र आलं, तर ते आलं की नाही याची काळजी मीच करायची. आधीच्या काळज्या काय कमी आहेत?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर आमचं संशोधनाचं ऑफिस होतं. खाली पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना, त्यामुळे दिवसभर कानात ठणठण. मी नुकतीच कॉलेजातून सुटून तिथे लागले होते, अजून कायम व्हायची होते. आमच्या बोरिवलीच्या शेजारणींना मी "मेलचं काम करते" एवढंच कळलं होतं. त्यांना वाटायचं मला टपालखात्यात चिकटवलंय. त्यांचं फार चुकत नव्हतं. मेलचं मशीन ज्यांच्या ताब्यात होतं ते गृहस्थ तारखात्यातूनच आमच्याकडे आले होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, आणि कशाला ना कशाला कायम घाबरलेले.

मास्तर लिफ्टला भ्यायचे, एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याला भ्यायचे, साहेबांच्या फोनला भ्यायचे. पण त्यांची खरी भीती पत्त्यातल्या चिन्हांची. आजच्यासारखा सुटसुटीत पत्ता तेव्हा नसायचा. पत्र कोणत्या मशीनकडून कोणत्या मशीनकडे जाईल, ती सगळी वाट पत्त्यातच लिहावी लागे आणि मध्ये मध्ये चिन्हं पेरावी लागत. मास्तरांनी त्या चिन्हांना नावं ठेवली होती. उद्गारचिन्ह म्हणजे खांब, वेटोळ्यातला ए म्हणजे गोगलगाय, आणि टक्क्याचं चिन्ह म्हणजे तिरळा. खांब आणि तिरळा एका पत्त्यात आले की मास्तरांना घाम फुटायचा. कारण तसा पत्ता काही मशीनं डावीकडून वाचत, काही उजवीकडून, आणि पत्र भलत्याच दिशेला चालू पडे. "तिरळा कुणाकडे बघतो ते त्याचं त्यालाच ठाऊक," असं म्हणून ते पत्त्यावर बोट ठेवत आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचत.

दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मास्तर डोळ्यांपुढे यायचे नाहीत. शर्टाच्या खोक्यातला एक पुठ्ठा त्यांनी रबरबँड लावून मॉनिटरवर अडकवला होता. पडद्याच्या वरच्या आठ-दहा ओळी तेवढ्या दिसायच्या. पत्ता, पाठवणाऱ्याचं नाव, वाटेतले शिक्के. खाली मजकूर असायचा, तो पुठ्ठ्याआड. लोकांचं पत्र चुकूनसुद्धा नजरेला पडू नये म्हणून ही तजवीज. आम्ही पोरं त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. "मास्तर, पुठ्ठ्याला भोक पडलंय," कुणीतरी म्हणायचं आणि ते खरंच दचकून वाकून बघायचे.

आमचं दुसरं ऑफिस मुलुंडला होतं. तिथलं मशीन आणि आमचं मशीन दिवसातून दोनदा फोनवरून एकमेकांशी बोलायची, सकाळी अकराला आणि दुपारी चारला. इकडचं टपाल तिकडे, तिकडचं इकडे. त्या वेळी मास्तर रिसीव्हरला कान लावून मोडेमची शिट्टी ऐकत. शिट्टीवरून त्यांना लाइन कशी आहे ते कळायचं. तेवढा वेळ खोलीत कुणी शिंकायचंसुद्धा नाही. एकदा साहेबच शिंकले, तर मास्तरांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की साहेब सॉरी म्हणून बाहेर गेले.

आणि मास्तरांची एकच सक्त मनाई होती. आपलं टपाल परस्पर दुसऱ्या मशीनवर वळवून द्यायची एक सोय असते. एक ओळ लिहून ठेवली की झालं, पत्र तुमच्याकडे न थांबता पुढे जातं. ती सोय मास्तरांना कुणी वापरलेली खपत नसे. "पत्र पुढे ढकलायचं म्हणजे हात झटकायचे. ढकलणारा निवांत आणि पत्र वाऱ्यावर." अशा पत्रांना मर्यादाही होती. प्रत्येक मशीन पत्रावर आपला शिक्का मारतं, म्हणजे वर एक ओळ वाढते. सतरा शिक्के झाले की त्यापुढचं मशीन ते पत्र घेत नाही, मेलेलं समजून बाजूला टाकतं. दोन मशीनं एकच पत्र एकमेकांकडे जन्मभर टोलवत बसू नयेत म्हणून ही व्यवस्था. मेलेली पत्रं मास्तरांच्या ताब्यात येत. दर शनिवारी दुपारी ते ती न वाचता पुसून टाकत आणि मग हात धुऊन येत.

एका दुपारी हेच मास्तर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात घामाने ओला झालेला कागद. त्यावर एक पत्ता. दोन खांब, एक तिरळा आणि शेवटी गोगलगाय.

"तुझ्या नावावरून एक पत्र पाठवशील?" त्यांनी विचारलं. "माझ्या झिलाला."

मास्तरांना मुलगा आहे हे मला तेव्हा कळलं. झील म्हणताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मी उठून त्यांना खुर्ची दिली. मग त्यांनी सांगितलं ते असं. काकींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हृदयाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशन करायलाच हवं, नाहीतर सहा महिनेही काढणार नाहीत, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि काकी अडून बसल्या होत्या. मुलाचा शब्द आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही. मुलगा तीन वर्षांपूर्वी शिकायला परदेशी गेला, तो गेलाच. टपालाने धाडलेल्या एकाही पत्राला उत्तर नाही, फोन कुठे करायचा ते ठाऊक नाही. कुणा ओळखीच्याकडून त्याच्या विद्यापीठातला हा पत्ता मिळाला होता.

"एवढा राग कशाचा?" मी विचारलं. त्या वयात काय विचारावं हे कळत नाही.

मास्तरांनी तो कागद माझ्या टेबलावर पसरला. घाबरले की ते मालवणीत शिरायचे, तसे शिरले. "तेका पयल्या वर्सा थंयच्या कॉलेजाचा बोलावणा इला होता. ता पत्र मी लपवून ठेवलंय. महिनाभर. एकुलतो एक झील, गेलो तर परत येतलो काय, ह्या भियान. मुदत गेली. वरीस फुकट गेला तेचा." मग कपाळ पुसून साध्या मराठीत म्हणाले, "पुढच्या वर्षी त्याला ते पत्र गादीखाली सापडलं. त्याने मला काहीसुद्धा म्हटलं नाही. बॅग भरली."

उभ्या आयुष्यात त्यांनी अडवलेलं ते एकच पत्र. पुठ्ठ्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला आणि मी पुन्हा टिंगल केली नाही.

पत्र मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, कारण देवनागरी त्या मशीनला ठाऊक नव्हती. आईचं ऑपरेशन आहे, तुझ्या दोन ओळी आल्या तर ती तयार होईल, एवढंच. पत्ता मात्र मास्तरांनी स्वतः घातला. अर्धा तास लागला. तिरळ्यापाशी दोनदा भलतीच कळ दाबली गेली.

उत्तर येईना. आठवड्याने साहेबांनी मला पंधरा दिवसांसाठी मुलुंडच्या ऑफिसात पाठवलं. जाताना माझ्या जिवाला एकच घोर, मी तिकडे आणि पत्र इकडे येऊन पडलं तर? म्हणून मी मास्तरांची मनाई मोडली. माझं टपाल अंधेरीहून मुलुंडला वळतं केलं, त्यांच्या नकळत. दहाव्या दिवशी साहेबांनी मला अचानक परत बोलावलं. निघायच्या घाईत मी मुलुंडवरूनही एक ओळ लिहून ठेवली, इथे माझं काही आलं तर अंधेरीला पाठवा. आणि अंधेरीची आधीची ओळ काढायची विसरले. जगात याहून सोपी चूक नसेल. आता माझ्या नावावर येणारं कुठलंही पत्र अंधेरीहून मुलुंडला आणि मुलुंडहून अंधेरीला जात-येत राहणार होतं, माझ्यापाशी न थांबता.

मी परत आले गुरुवारी. शनिवारी मास्तर आले ते ओठ चावत. "तिने हो म्हटलं. पुढच्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन. बुधवारी दाखल करणार."

"पत्र आलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"आलं नाही. मी सांगितलं तिला, पत्र निघालंय, वाटेत आहे."

मला वाटलं, मास्तर बायकोशी खोटं बोलले. मला त्यांची दया आली, आणि थोडा रागही.

मंगळवारी दुपारी जेवणाचा डबा धुताना मला एकदम ती अंधेरीची ओळ आठवली. हातातलं झाकण मोरीत पडलं.  सांगावं तर नोकरी जायची, आणि नोकरीपेक्षा मास्तरांचा तो चेहरा बघावा लागायचा. न सांगावं तर पत्र कुठल्या तरी फेरीत मरायचं, आणि काकी त्या पत्राच्या भरवशावर टेबलावर चढणार होत्या. चारचा फोन लागला तेव्हा मी खोलीच्या दाराशी उभी होते. मास्तर रिसीव्हरला कान लावून, डोळे मिटून बसले होते.  न सांगताच मी मागे फिरले. घरी गेले, जेवले नाही, आईला म्हटलं डोकं दुखतंय.

बुधवारी सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात येऊन मी ती ओळ पुसली. अकराची शिट्टी झाली. पाच मिनिटांनी माझ्या पडद्यावर एक पत्र येऊन थांबलं. वर शिक्क्यांची ही भलीमोठी माळ, मोजले तर चौदा. त्याखाली मजकूर चार ओळींचा.

तो मी वाचला. पत्र माझ्या नावावर होतं, पण माझं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी वाचला. त्याने लिहिलं होतं की मी येणार नाही. आईला माझ्याकडून काही सांगू नका. ज्यांनी माझं पत्र दाबून ठेवलं, त्यांच्या घरात माझा शब्द मी का पाठवावा? पुन्हा लिहू नका.

 इतक्यात मागून मास्तरांचा आवाज आला.

"आज ता पुढे जावक नाय."

मी वळले. ते दारात उभे होते, चौकटीला धरून. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

"कोणतं, मास्तर?" मी म्हटलं आणि त्याच क्षणी समजले. वरच्या आठ-दहा ओळी त्यांना रोज दिसत होत्या. पाठवणाऱ्याचा तो पत्ता, जो त्यांनी स्वतः एकेक अक्षर वाचून घातला होता. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"शुक्रवारपासून. पयल्याच फेरीक."

"आणि तुम्ही थांबवलं नाहीत?"

ते आत आले. माझ्या पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. "थांबलं की वाचायला लागणार. वाचलं की तिला सांगायला लागणार. तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही गो, तिला चेहऱ्यावर दिसतं. वाटेत आहे म्हणून सांगितलं ते खरं होतं. रोज सकाळी येत होतं, दुपारी जात होतं. मी मोजत होतो. शुक्रवार सकाळपर्यंत पुरलं असतं."

म्हणजे ऑपरेशन उरकेपर्यंत. मी रडायला लागले. चूक माझी, मी ओळ काढायची विसरले, मनाई मोडली, सगळं भडाभडा सांगितलं. मास्तरांचं लक्षच नव्हतं.

"ऊठ," ते म्हणाले. "तोंड पुसून बाहेर जा जरा."

मी बाहेर गेले नाही, बाजूला सरले. त्यांनी आपल्या मॉनिटरवरचा पुठ्ठा काढून आणला, डोळे बंद ठेवून चाचपत माझ्या पडद्यावर लावला, आणि मगच खुर्चीत बसले. मग जन्मभर ज्याला हात झटकणं म्हटलं, ते त्यांनी केलं. मी पुसलेली ओळ परत लिहिली आणि ते पत्र, शिक्क्यांना धक्का न लावता, मुलुंडच्या रांगेत टाकलं. एकेक कळ दाबताना ते पुटपुटत होते; आधी मला वाटलं पत्ता वाचतायत, पण ते देवाचं नाव होतं.

"संध्याकाळी तिला दाखल करतो," उठताना म्हणाले. "विचारील. वाटेत आहे म्हणून सांगेन."

चार वाजता मास्तर नव्हते. रिसीव्हरला कान लावून मी बसले. ती शिट्टी ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस रोज दोनदा काय सोसत होता. पत्र गेलं, पंधरावा शिक्का. गुरुवारी सकाळी परत आलं, सोळावा. त्याच वेळी काकी टेबलावर होत्या. मी मनात म्हणत होते, लाइन तुटू दे, काहीही होऊ दे, पण इकडून वाईट बातमी हॉस्पिटलात पोचायला नको. दोन वाजता मास्तरांनी बाहेरून फोन केला. "शुद्धीवर आली," एवढंच म्हणाले आणि त्यांच्याकडचं नाणं संपलं.

शुक्रवारी अकराला पत्र सतरा शिक्के घेऊन आलं आणि आमच्या मशीनने ते मेलेलं ठरवलं. धाडणाऱ्याकडे परत पाठवू गेलं, तर पत्त्यातल्या तिरळ्यापाशी अडलं. पडलं मास्तरांच्या ताब्यात. शनिवारी दुपारी हॉस्पिटलातून मुद्दाम येऊन त्यांनी ते इतर मेलेल्या पत्रांबरोबर पुसलं. मी शेजारी उभी होते.

"तू वाचलंस?" पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

महिन्याभराने मी दहिसरला काकींना बघायला गेले. काकी उशाशी टेकून बसल्या होत्या, आवाज खणखणीत. मला बघताच सुरू झाल्या. "ह्यांनी एवढी वर्सा लोकांची टपाला सांभाळली, नि आपल्या झिलाचा एक पत्र सांभाळूक नाय गावला! म्हणतत, माझ्या हातून वाटेत हरवला. आयकलंस?"

मास्तर खाली मान घालून माझ्यासाठी कपात चहा ओतत होते. सगळा दोष त्यांनी आपल्या अंगावर घेतला होता. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी वर बघितलं आणि मानेनेच नको म्हटलं.

"पण लिवल्यान ना तेणा?" काकी म्हणाल्या. डोळे भरून आले होते. "तीन वर्सांनी लिवल्यान. आता परत लिवा तेका. म्हणा, तुझा पत्र हरवला, परत धाड. ह्या खेपेस नीट सांभाळा."

चहा बशीत सांडला. "लिवतंय," मास्तर म्हणाले.

सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. बायकोला दिलेला शब्द पाळायला आले होते. "तो पत्ता काढ," म्हणाले. "आपण परत लिहू."

पत्ता माझ्या खणात, त्याच सुरकुतलेल्या कागदावर होता. मी खण उघडला नाही.

"पत्ता माझ्याकडे राहिला नाही, मास्तर," मी म्हटलं. "तुम्हीही आठवू नका."

 खालच्या कारखान्यात पत्रा ठोकायचा आवाज चालला होता. मी ते पत्र वाचलं होतं, हे त्यांना कळलं. खुर्चीची पाठ धरून ते हळूच खाली बसले.

"बरा," ते म्हणाले. "तिका तसा सांगतंय."